पोटांतले मज्जातंतु आणि घरचा निवाडा

एकत्र कुटुंबांत बहुधा एक तरी माणूस असें असतें कीं, ज्याच्या पोटाबद्दल घरांत एक ठराविक मत होऊन बसलेलें असतें. दोन-तीन वर्षांपूर्वीं त्यास जोराचे जुलाब झालेले असतात, किंवा मुदतीचा ताप येऊन गेलेला असतो. औषधपाणी होतें, दुखणें हटतें, पथ्याचे दिवस संपतात आणि सर्व मंडळी तें विसरून जातात. त्या माणसाचें पोट मात्र तें विसरत नाहीं. कधीं तीन-तीन दिवस शौचास होत नाहीं, तर कधीं एका सकाळींच चार वेळां जावें लागतें. दोन घांस खाल्ले न खाल्ले तोंच पोट फुगतें. मुरडा येतो, जातो आणि पुनः येतो. वैद्य होतात, डॉक्टर होतात, दुर्बिणीची तपासणीही होते. अखेर “तपासांत कांहीं निघालें नाहीं” असें उत्तर आलें म्हणजे घरचा निवाडा लागतो. पुरुष असला तर “जिभेवर ताबा नाहीं” आणि सून असली तर “कामाचा कंटाळा.”

हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा विचार आज करावयाचा आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. आंतड्यांस स्वतःची अशी एक मज्जासंस्था आहे. एखाद्या संसर्गानें अथवा दाहानें तिला इजा होऊं शकते. आणि मूळ रोग नाहींसा झाल्यावरही ती इजा मागें राहूं शकते. तेव्हां अशा माणसाचें दुखणें तपासांत दिसलें नाहीं म्हणून तें खोटें ठरत नाहीं.

प्रथम ही मज्जासंस्था म्हणजे काय तें पाहूं. आंतडें म्हणजे अन्न पुढें ढकलणारी एक नळी, एवढीच आपली सामान्य समजूत असते. परंतु त्या नळीच्या भिंतींत अनेक थर आहेत. आंतल्या अस्तराच्या खालीं मज्जापेशींचें एक बारीक जाळें पसरलेलें आहे. जर्मन शास्त्रज्ञ माइस्नर यानें त्याचें वर्णन १८५७ सालीं केलें. त्याच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंचे दोन थर असतात, व त्या दोहोंच्या मध्यें दुसरें जाळें असतें. तें औएरबाख यानें पुढील दशकांत दाखवून दिलें. दोन्ही जाळ्यांतील मज्जापेशींची संख्या दहा कोटींच्या वर भरते. अन्नाचा गोळा कोठें आला आहे हें ओळखणें, त्याच्या मागचा भाग आवळणें, पुढचा भाग सैल सोडणें, पाचक रस किती सोडावयाचा हें ठरविणें, हीं सर्व कामें तीं जाळीं अहोरात्र करीत असतात.

हा कारभार आंतडें मेंदूला न विचारतांही करूं शकतें, हें लंडन येथील बेलिस व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनीं १८९९ सालीं सिद्ध केलें. हे दोघे नात्यानें मेहुणे होते. कुत्र्याच्या आंतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतु त्यांनीं तोडून टाकले, तरीही आंतडें आपलें काम पूर्वीप्रमाणेंच करीत राहिलें: गोळ्याच्या मागें आवळणें, पुढें सैल होणें. १९२१ सालीं केंब्रिजच्या लँगले यानें आंतड्यांतील या मज्जासंस्थेस शरीराच्या स्वायत्त मज्जासंस्थेचा एक स्वतंत्र विभाग म्हणून मान्यता दिली.

आपल्या जुन्या गांवगाड्याचें उदाहरण येथें चांगलें लागू पडतें. रोजचा कारभार पाटील-कुलकर्णी गांवांतच उरकीत; जिल्ह्याच्या ठिकाणाहून हुकूम येई तो प्रसंगपरत्वें. मेंदू आणि आंतडें यांचा संबंध असाच आहे. भय, चिंता, शोक यांचे हुकूम वरून येतात व त्यांचा परिणामही होतो. परंतु रोजचा गाडा चावडीवरूनच चालतो. उद्यां चावडीलाच आग लागली, तर वरचे हुकूम येऊनही त्यांची अंमलबजावणी करावयास कोणी उरत नाहीं.

ही आग म्हणजे दाह. जंतु किंवा विषाणु आंतड्यांत शिरले म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ति त्यांच्यावर चालून जाते. रक्तांतील रक्षक पेशी त्या जागीं गोळा होतात, दाहक द्रव्यें सोडतात, भिंत सुजते. शत्रूचा नाश व्हावा म्हणून हें सर्व आवश्यकच आहे. परंतु लष्कराची छावणी शेतांत पडली म्हणजे शत्रु हटतो खरा, पण उभें पीकही तुडविलें जातें. आंतड्याच्या भिंतींतील मज्जापेशी हें तें पीक होय. त्यांतील कांहीं मरतात. कांहीं जगतात, पण अतिशय हळव्या होतात. जेथें स्नायु सैल सोडणाऱ्या पेशी कमी होतात तेथें आंतडें आवळलेलें राहतें व त्याच्या मागें मळ आणि वायु तुंबतो. जेथें संवेदना नेणारे तंतु हळवे होतात तेथें साध्या वायूनेंही कळ येते. याच कारणानें एकाच माणसास कधीं मलावरोध, कधीं जुलाब व कधीं नुसती पोटदुखी होऊं शकते.

हा केवळ तर्क नव्हे, याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेंत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, झिका व वेस्ट नाइल यांसारख्या विषाणूंनीं आजारी पडलेल्या उंदरांच्या आंतड्यांतील मज्जापेशींस इजा होते. ती करण्यांत प्रतिकारशक्तीच्या पेशींचाच हात असतो. व उंदीर वांचले तरी त्यांच्या आंतड्यांची गति पुढें मंदच राहते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत २०२० सालीं सॅल्मोनेला जातीच्या जंतूंवर असेंच काम झालें. जंतु शरीरांतून नाहींसे झाल्यावरही उंदरांच्या आंतड्यांतील मज्जापेशींची संख्या घटलेलीच होती. त्याच संशोधनांत एक आशेची गोष्टही आढळली. या मज्जापेशींच्या शेजारीं एका जातीच्या भक्षक पेशी असतात, व त्या संसर्गाच्या वेळीं त्यांचें रक्षण करतात. म्हणजे निसर्गानें आग लावणारे व विझविणारे असे दोघेही एकाच वाड्यांत ठेविले आहेत.

उंदरांचें तें माणसांचें असें सरसकट म्हणतां येत नाहीं, हें खरें. पण माणसांतील दाखलेही आहेत. दक्षिण अमेरिकेंत ढेकणासारख्या एका किड्यापासून होणारा एक रोग ब्राझीलच्या कार्लोस शागास या वैद्यानें १९०९ सालीं शोधून काढला. त्या रोगांत संसर्ग होऊन कित्येक वर्षें लोटल्यावर कांहीं रोग्यांचें मोठें आंतडें फुगून अवाढव्य होतें. त्याच देशांत कोबर्ले या शास्त्रज्ञानें मृतांच्या आंतड्यांतील मज्जापेशी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हां त्या फार मोठ्या प्रमाणांत नष्ट झालेल्या आढळल्या. आंतड्यांतील दाहानें मज्जापेशी मरतात व त्यामुळें आंतड्याचें काम बिघडतें, याचा याहून उघड पुरावा दुसरा नाहीं.

आपल्याकडे तो रोग नाहीं. दूषित पाण्याचे जुलाब मात्र घरोघरीं ठाऊक आहेत. यासाठीं कॅनडांतील वॉकर्टन या लहान गांवची हकीकत सांगण्यासारखी आहे. २००० सालच्या मे महिन्यांत तेथें अतोनात पाऊस झाला, शेतांतील शेणखत वाहून गांवच्या विहिरींत उतरलें, व सुमारें २३०० माणसें आजारी पडून सात दगावलीं. पुढें तेथील डॉक्टरांनीं त्या लोकांचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. ज्यांस त्या वेळीं जुलाब झाले होते, त्यांपैकीं दोन-तीन वर्षांनंतर शंभरांत सुमारें २८ जणांस पोटदुखी व शौचाची अनियमितता यांचा कायमचा त्रास जडला होता. आठ वर्षांनंतर हें प्रमाण शंभरांत सुमारें १५ वर आलें. तरी जुलाब न झालेल्यांपेक्षां तें पुष्कळच जास्त होतें. निरनिराळ्या देशांतील असे अभ्यास २०१७ सालीं एकत्र करून पाहण्यांत आले, तेव्हां जुलाबाच्या संसर्गानंतर सुमारें दहांत एकास असा त्रास होतो असें दिसलें. या सर्वांच्या मज्जापेशी मेल्या असें कोणी म्हणत नाहीं. आंतड्यांतील जंतुसृष्टि बदलणें, अस्तर सच्छिद्र होणें, मनावरील ताण, हींही कारणें आहेत. परंतु मज्जातंतूंचा बिघाड हें त्यांतील एक महत्त्वाचें कारण होय, असें आतां मानलें जातें.

मग तपासांत कांहीं निघत कां नाहीं? आमच्या धर्मापुरीस केदारेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. भिंतीवरील मूर्ति व नक्षी पाहणारास भिंतीचा दर्शनी भाग दिसतो. आंतले चिरे एकमेकांत कसे बसविले आहेत तें कांहीं त्यावरून कळत नाहीं. दुर्बिणीच्या तपासणीचें तसेंच आहे. ती आंतड्याचें अस्तर दाखविते. व्रण, गांठ, रक्तस्राव असेल तर तो तींत दिसतो, आणि म्हणून ती अवश्य करावी. पण मज्जातंतूंचीं जाळीं अस्तराच्या खालीं, भिंतीच्या पोटांत असतात. तेथपर्यंत नेहमींची दुर्बीण पोंचत नाहीं, आणि रक्ताच्या सामान्य तपासणींतही त्यांची इजा उमटत नाहीं. तेव्हां “कांहीं निघालें नाहीं” याचा अर्थ “कर्करोग नाहीं, व्रण नाहीं” इतकाच घ्यावा. “दुखणेंच नाहीं” असा तो घेणें हा शब्दार्थाचाच अनर्थ होय.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील एका अलीकडच्या घटनेकडे वळूं. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागांत हातापायांतील शक्ति एकाएकीं जाण्याच्या रोगाची सांथ उद्भवली. (हें नांदेड म्हणजे आपल्या मराठवाड्यांतील शहर नव्हे, पुण्याजवळचें त्याच नांवाचें गांव.) दोनशेंहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली व कांहीं दगावलेही. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, गियां, बारे व स्त्रोल या फ्रेंच वैद्यांनीं ज्या रोगाचें वर्णन केलें तोच हा रोग. पहिल्या दोघांच्या नांवावरून त्यास गियां-बारे म्हणतात. पुण्याच्या कित्येक रुग्णांस आधीं कांहीं दिवस जुलाब झाले होते, आणि कांहींच्या मलाच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला. संशयाचें बोट पाण्याकडे वळलें.

येथें घडतें तें असें. या जंतूच्या बाह्य आवरणांतील कांहीं द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील द्रव्यासारखें असतें. प्रतिकारशक्ति जंतूविरुद्ध जीं अस्त्रें तयार करते, तींच या साम्यामुळें फसून मज्जातंतूंवर पडतात. बहुतेकांचे जुलाब कांहीं दिवसांत थांबतात. हजारांत एखाद्यालाच हा रोग होतो. परंतु ज्यास होतो त्याचे पाय मुंग्या येऊन लुळे पडतात, क्वचित् श्वासही अडतो. आणि आंतडीं, हृदय इत्यादि अवयवांकडे जाणारे स्वायत्त तंतुही त्यांत सांपडतात, तेव्हां रक्तदाब चढउतार करूं लागतो व कांहींच्या आंतड्यांची हालचाल थांबून पोट फुगतें. म्हणजे दुखणें पोटांत सुरू झालें, मज्जातंतूंत गेलें आणि त्यांच्या वाटेनें पुनः पोटाकडे आलें. वेळीं रुग्णालयांत नेल्यास शिरेवाटे प्रतिपिंड देऊन किंवा रक्तांतील द्रव पालटून बहुतेक रोगी बरे होतात. मात्र त्यास महिने लागतात.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं आयुर्वेदाचें अध्ययन केलेलें आहे. शरीरांतील गतीचें कार्य आयुर्वेदानें वायूकडे दिलें, व मलमूत्राचें विसर्जन अपानवायूच्या अधीन ठेविलें. म्हणून वायु म्हणजेच मज्जातंतु असें समीकरण मांडण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोन शास्त्रांच्या परिभाषा निराळ्या, त्यांची प्रमाणेंही निराळीं. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, शरीराचे स्वाभाविक वेग दाबूं नयेत या विषयास एक संपूर्ण अध्याय दिला आहे, ही गोष्ट आमच्या कुटुंबांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. ज्या घरांत सकाळच्या घाईंत सुनेला शौचास जाण्याचीही सवड नसते, पंक्तीमागून पंक्ती उठेपर्यंत जिला अन्नाचा कण मिळत नाहीं व आठवड्यांतून दोन उपास साबुदाण्यावर काढावे लागतात, तेथें तिच्या दुखावलेल्या आंतड्यांस विसांवा कोठून मिळणार? दुखणें संसर्गानें दिलें असेल. तें टिकवून धरण्याचें काम पुष्कळदां घराची रीतच करते.

संसर्ग टाळणें हा पहिला उपाय. आम्ही हें लिहितों तो बीड जिल्हा अवर्षणाचा. पाऊस दगा देतो त्या वर्षीं विहिरी तळ गांठतात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात, आणि मिळेल तें पाणी साठवून ठेवण्यावांचून गत्यंतर नसतें. आपल्या घरांत पाण्याच्या शुद्धतेचा विचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, याचा आम्हांस अभिमान आहे. तरी स्पष्ट सांगावयास हवें कीं, सोवळ्यानें भरलेलें पाणी म्हणजे जंतुरहित पाणी नव्हे. जंतूला सोवळें-ओवळें कळत नाहीं. त्याला कळते ती उकळी. पाणी खळखळून उकळावें, झांकून निववावें आणि दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें. भांड्यांत हात बुडवूं नये. टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्यांत ग्रामपंचायतीकडून अथवा आरोग्यकेंद्रांतून मिळणारें क्लोरिनचें औषध सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. दूध कच्चें पिऊं नये. कॅम्पिलोबॅक्टर कच्च्या दुधावाटेही येतो. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावेत.

जुलाब लागलेच तर पहिल्या तासापासून मीठ-साखरेचें पाणी सुरू करावें: एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. दुकानांतून मनास येईल ती प्रतिजैविकाची गोळी आणून देऊं नये. ती लागते कीं नाहीं हें डॉक्टरांनीं ठरवावें. जुलाबानंतर कांहीं दिवसांनीं पायांस मुंग्या येऊं लागल्या, जिना चढवेना, तोंड वांकडें झालें, तर त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. आमच्या बाजूच्या लोकांस त्यासाठीं आंबेजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

ज्याचें पोट संसर्गानंतर बिघडलेलेंच राहिलें, त्यानें तीव्र रेचकें स्वतःच्या मनानें घेऊं नयेत. ठराविक वेळीं थोडें थोडें जेवावें, न्याहारीनंतर शौचास निवांत वेळ द्यावा, रोज चालावें, झोंप सांभाळावी. कोणत्या अन्नानें त्रास होतो तें वहींत टिपून डॉक्टरांस दाखवावें. मधुमेहानेंही आंतड्यांच्या मज्जातंतूंस इजा होते, म्हणून रक्तांतील साखर तपासून घ्यावी. शौचावाटे रक्त, कारण नसतां वजन घटणें, वरचेवर ताप, रात्रीं झोंपेंतून उठविणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्यानें सुरू झालेला त्रास, हीं लक्षणें असतील तर पुनः तपासणी करावी. मागचा अहवाल पाहून स्वस्थ बसूं नये. पोट टम्म फुगून ओकाऱ्या होत असतील आणि वायुही सरत नसेल, तर एक रात्रही वाट पाहूं नये.

चिंतेनें हें दुखणें वाढतें, हें खरें आहे. पण त्यावरून घरांतील वडीलधाऱ्यांनीं जो धडा घ्यावयाचा तो उलटा घेतला जातो. चिंतेनें वाढणाऱ्या दुखण्यावर टोमणे हें औषध नव्हे. वॉकर्टनच्या रोग्यांपैकीं जवळजवळ निम्मे आठ वर्षांत सुधारले, त्या अर्थी काळ हा येथें मित्र आहे. त्याला अवसर मात्र मिळाला पाहिजे. घरांत असें कोणी असेल तर त्यास पहिल्या पंक्तीस बसवावें, उपास कमी करावे, शौचाच्या वेळीं कामास हांक मारूं नये, आणि “तुला कांहीं झालेलें नाहीं” हें वाक्य घरांतून कायमचें काढून टाकावें. याला पैसा लागत नाहीं. गृहिणीनें किंवा गृहस्थानें एकदां मनावर घेतलें म्हणजे उद्यांच्या सकाळपासून हें सुरू करतां येतें.